सकाळचा निळा धूर आणि बोअर करण्याची घाई

प्रश्न : माझ्या पेट्रोल गाडीला नऊ वर्षं झाली. १.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आहे, टर्बो नाही, ९६ हजार किलोमीटर चालली आहे. काही महिन्यांपासून सकाळी पहिल्यांदा चालू केली की सायलेन्सरमधून निळसर धुराचा लोट येतो आणि अर्ध्या मिनिटात थांबतो. नंतर दिवसभर दिसत नाही. फक्त बराच वेळ एका जागी चालू ठेवून मग निघालो तर थोडा दिसतो. अडीच हजार किलोमीटरमध्ये अर्धा लिटर ऑइल घालावं लागलं. पिकअप पूर्वीसारखाच आहे. एक मेकॅनिक म्हणतो, रिंगा गेल्या, इंजिन उतरवून बोअर करावं लागेल. दुसरा म्हणतो, जाड ऑइल घाला, आपोआप बंद होईल. थंडीत पांढरी वाफही येते, सायलेन्सरमधून पाणी ठिबकतं आणि कूलंट एकदा थोडं घालावं लागलं. म्हणजे हेड गॅसकेटही गेलं का? पुढच्या महिन्यात लांबचा प्रवास आहे. गाडी न्यावी का?

उत्तर : तुम्ही लिहिलेली लक्षणं रिंगांची कमी आणि व्हॉल्व्ह सीलची जास्त वाटतात. पण पत्रावरून इंजिनाचा निकाल लावता येत नाही, आणि धूर बघून बोअरचा, म्हणजे सिलिंडर आतून तासून मोठा करण्याचा, निर्णय तर मुळीच घेता येत नाही. खाली दिलेल्या तपासण्या क्रमाने करा. निम्म्याअधिक तपासण्या घरीच होतात, त्यांना पाना-स्क्रूड्रायव्हरही लागत नाही.

धुराचा रंग काय जळतंय ते सांगतो. निळा म्हणजे ऑइल, काळा म्हणजे जास्तीचं पेट्रोल, पांढरा म्हणजे पाणी किंवा कूलंट. पण ऑइल सिलिंडरमध्ये कुठून शिरतंय हे रंगावरून कळत नाही, ते धूर कधी येतो यावरून कळतं. बहुतेक चुकीच्या दुरुस्त्या होतात त्या इथेच. निळा दिसला की 'रिंगा' म्हणून मोकळं व्हायचं, ही जुनी सवय आहे.

ऑइलला आत शिरायला मुख्य वाटा तीन. पहिली वरून, व्हॉल्व्हच्या दांड्यालगत. दांडा ज्या नळीत वरखाली होतो ती गाइड, आणि गाइडच्या तोंडावर बसणारं रबरी सील दांड्यावरचं जादा ऑइल पुसून ठेवतं. वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन हे रबर कडक होतं आणि दांड्यावरची पकड सोडतं. गाडी रात्रभर उभी असताना टॅपेट कव्हरखाली, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाखाली, साचलेलं ऑइल दांड्यावरून थेंबाथेंबाने उतरतं, आणि सकाळी इंजिन चालू होताच एकदम जळतं. म्हणून लोट मोठा पण अल्पजीवी. दुसरी वाट खालून, पिस्टनच्या रिंगांमधून. ही वाट इंजिनावर भार आला की जास्त वाहते, म्हणजे चढावर, जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर, आणि गरम इंजिनातही. तिसरी वाट क्रँककेसच्या ब्रीदरची, म्हणजे इंजिनाच्या तळातली वाफ बाहेर सोडणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हची. ती बिघडली तर ऑइलची वाफ थेट इनटेकमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीत, ओढली जाते. तुमचा धूर सकाळी आणि आयडलनंतर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवल्यावर, येतो, भारावर येत नाही. म्हणून पहिला संशय पहिल्या वाटेवर.

सुरुवात ऑइलच्या हिशेबापासून करा. गाडी सपाट जागी लावा, इंजिन गरम करून बंद करा, दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि पातळी टिपून ठेवा. पुढचे एक हजार किलोमीटर त्याच जागी, त्याच पद्धतीने बघा. बऱ्याच गाड्यांत डिपस्टिकवरच्या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचं अंतर असतं, तुमचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. सध्याचा खप हजार किलोमीटरला सुमारे २०० मिली होतो. काही कंपन्या हजार किलोमीटरला अर्धा लिटर, काही तर एक लिटरपर्यंतचा खप चालण्याजोगा धरतात. तेवढा खप चांगला म्हणायचा असं नाही, पण तुमचं इंजिन आजच खोलण्याइतकं खालावलेलं नाही एवढं त्यातून निघतं. एक बारीक गोष्टही बघून घ्या. ऑइल वरच्या खुणेच्या वर तर भरलेलं नाही ना? जास्त भरलेलं ऑइल क्रँकशाफ्टने घुसळलं जातं आणि ब्रीदरमधून इनटेकमध्ये जातं. सर्व्हिसिंगनंतर लगेच सुरू झालेल्या धुराचं कारण अनेकदा एवढंच असतं.

आता धूर नीट बघू या. सकाळी गाडी चालू करताना दुसऱ्या कुणाला तरी मागे, बाजूला उभं करा आणि मोबाइलवर चित्रण करायला सांगा. पाठीमागे गडद भिंत किंवा झाडी असेल तर निळी छटा ओळखू येते, उघड्या आकाशासमोर सगळंच राखाडी दिसतं. चालू करताच सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर पांढरं सुती फडकं अर्धा मिनिट धरा. तेलकट पिवळट ठिपके उमटले तर ऑइल, नुसतं ओलं झालं आणि वाळल्यावर डाग उरला नाही तर पाणी, कोरडी काळी काजळी बसली तर पेट्रोल. हे बंद गॅरेजमध्ये करू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

त्यानंतर वीसेक मिनिटं गाडी फिरवून इंजिन पूर्ण गरम करा आणि पुढचे तीन प्रयोग करा. आधी पाच मिनिटं आयडलवर ठेवा, मग न्यूट्रलमध्येच तीन हजार आरपीएमपर्यंत रेस द्या. त्या क्षणी निळा भपका आला आणि दोन-तीन सेकंदांत विरला तर सील. आयडलला थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ बंद असतो, त्यामुळे इनटेकमध्ये १८ ते २२ इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम तयार होतो आणि तो सैल सीलमधून ऑइल खाली ओढत राहतो. दुसरा प्रयोग उतारावर. तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडून गाडी पंधरा-वीस सेकंद इंजिन ब्रेकिंगवर जाऊ द्या, आणि उतार संपताच अ‍ॅक्सिलरेटर द्या. मागून दुसऱ्या गाडीतल्या माणसाने बघावं, आरशातून तुम्हाला अर्धवटच दिसेल. इथेही नेमका त्या क्षणी येणारा भपका सीलकडे बोट दाखवतो, पण खालची ऑइल रिंग कार्बनने चिकटलेली असेल तरी तो येऊ शकतो, म्हणून एवढ्यावर शिक्कामोर्तब करू नका. तिसरा प्रयोग चढावर. तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमपासून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. चढ संपेपर्यंत निळा धूर सलग राहिला तर रिंगांची बाजू बळकट होते. काही दिसलं नाही तर पहिल्या मेकॅनिकच्या निदानाला फारसा आधार उरत नाही.

या तिन्हींचा एक दोष लक्षात ठेवा. धुरातले विषारी वायू निवळवणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम झाला की थोडंफार ऑइल स्वतःच जाळून टाकतो. त्यामुळे काही इंजिनं ऑइल भरपूर खातात तरी सायलेन्सरमधून काहीच दिसत नाही. धूर दिसत नाही आणि डिपस्टिक मात्र खाली जाते, असं असेल तर विश्वास डिपस्टिकवर ठेवायचा. गाडीखाली गळती नाही हे अर्थात आधी बघून घ्यायचं.

आता ब्रीदर. इंजिन आयडलवर असताना ऑइल भरायचं झाकण उघडा. हलका श्वास जाणवणं ठीक. झाकण उडेल असे धक्के आणि धुराची सलग वाफ आली तर रिंगांवरून गॅस खाली उतरतोय, किंवा ब्रीदर चोंदलाय. उलट झाकण आत ओढलं गेल्यासारखं घट्ट बसलं, शिट्टीसारखा आवाज आला, तर पीसीव्हीचं रबरी पापुद्र्यासारखं डायफ्रॅम फाटलं असण्याची शक्यता मोठी. काही गाड्यांत पीसीव्ही व्हॉल्व्ह सुटा असतो. तो काढून कानाशी हलवा, आतला तुकडा खुळखुळला पाहिजे. खुळखुळत नसेल तर तो चिकटलाय, नवा बसवा. हा सगळ्यांत स्वस्त भाग आहे, आणि तो न बघता इंजिन उतरवणाऱ्यांची संख्या कमी नाही.

एवढं झाल्यावर स्पार्क प्लग काढा. इंजिन थंड असताना काढा, अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये गरम असताना काढले तर आटे खराब होतात. चारही प्लग सिलिंडरच्या क्रमाने फडक्यावर मांडा. फिकट तपकिरी कोरडा प्लग म्हणजे त्या सिलिंडरचं बरं चाललंय. टोकावर काळा, ओला, तेलकट थर असेल तर ऑइल. एकाच प्लगवर असेल तर त्याच सिलिंडरची भानगड, चारही सारखेच असतील तर संशय पुन्हा ब्रीदरवर. प्लगच्या वरच्या भागात, भोकात ऑइल साचलेलं दिसलं तर घाबरू नका. ते टॅपेट कव्हरच्या आतल्या प्लगच्या सीलमधून झिरपलेलं असतं, सिलिंडरमधलं नाही. परत बसवताना प्लग आधी हाताने, आटे नीट पकडले आहेत याची खात्री करूनच फिरवा.

आता कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो त्याचं मोजमाप. ही मात्र गॅरेजमध्ये करा आणि समोर उभं राहून करून घ्या. बॅटरी पूर्ण चार्ज, इंजिन कोमट (प्लगचे आटे खराब होतील इतकं कडक गरम नाही), चारही प्लग बाहेर, फ्यूएल पंपाचा फ्यूज आणि इग्निशन कॉइलच्या पिना काढलेल्या, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. प्रत्येक सिलिंडरवर गेज लावून सारख्याच वेळा, पाच-सहा फटके होईपर्यंत सेल्फ मारायचा. निरोगी पेट्रोल इंजिनांत आकडा बहुधा १५० ते १९० पीएसआयच्या दरम्यान असतो, नेमका तुमच्या गाडीच्या पुस्तकातला. त्याहून महत्त्वाचा असतो तो चौघांमधला फरक. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांहून खाली गेला तर त्या सिलिंडरमध्ये गडबड. मग त्यात चमचाभर, म्हणजे ५ मिली इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजायचं. आकडा ठळक वर उडाला तर रिंगा, कारण ऑइलने त्यांची फट तात्पुरती भरली. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्हची बैठक किंवा हेड गॅसकेट, म्हणजे हेड आणि खालच्या ब्लॉकमधला सांधा बंद ठेवणारी पट्टी.

इथे एक सापळा आहे आणि मेकॅनिकही त्यात सापडतात. आकडे उत्तम आले की 'रिंगा ठीक' असा निष्कर्ष निघतो. पिस्टनवर तीन रिंगा असतात. वरच्या दोन दाब धरतात, तिसरी ऑइल खरवडून खाली पाठवते. कॉम्प्रेशन टेस्टला या तिसरीचं काहीच कळत नाही. ती कार्बनने खाचेत चिकटली, ऑइल परत जायची बारीक भोकं बुजली, तर आकडे नव्या इंजिनासारखे आणि ऑइलचा खप मात्र चालूच. म्हणून टेस्ट चांगली आली आणि वरच्या प्रयोगांत सीलचीही खूण मिळाली नाही, तर प्लगच्या भोकातून बोअरोस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, घालून बघायला सांगा. पिस्टनच्या माथ्यावर साधारण काळा-तपकिरी कार्बन असतो. त्याच्या कडेला चारी बाजूंनी धुतल्यासारखी चकचकीत, ओली पट्टी दिसली तर ऑइल कडेने, म्हणजे रिंगांवरून वर येतंय. पट्टी नाही, पण इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीमागे आणि दांड्यावर जाड, ओलसर कार्बन आहे, तर ते वरून उतरतंय. त्याच कॅमेऱ्याने सिलिंडरची भिंत बघा. तिच्यावरच्या तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा, ज्यांना कारागीर होनिंगच्या रेघा म्हणतात, अजून स्पष्ट असतील आणि उभे ओरखडे नसतील, तर बोअर करायचं कारणच नाही.

बोअर करायचं की नाही हे बोअर गेजने ठरतं. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांना मोजायचा, आणि निमुळतेपणा किंवा लंबगोलपणा कंपनीच्या मर्यादेबाहेर, म्हणजे सहसा ०.०५ ते ०.१ मिमीच्या पुढे गेला तरच बोअर. काही आधुनिक अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकना आतून पातळ कडक लेप असतो, तो साध्या बोअरिंगला झेपतच नाही. या मोजमापाआधी कुणी 'बोअर करावं लागेल' म्हणालं तर तो अंदाज आहे, निदान नव्हे. मोजलेले आकडे लिहून मागा.

जाड ऑइलबद्दल. मॅन्युअलमध्ये दोन ग्रेड दिलेल्या असतील, समजा ५डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-४०, तर दुसरी वापरून खप थोडा कमी होतो का हे बघायला हरकत नाही. मात्र मॅन्युअलमध्ये नसलेलं २०डब्ल्यू-५० घालू नका. थंडीत ते उशिरा वर पोचतं, आणि इंजिनात व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा, असेल तर त्याच्या बारीक नळ्यांतून ते वेळेत सरकत नाही. धूर बंद करणाऱ्या बाटल्यांतले काही द्रव सीलचं रबर थोडं फुगवून मऊ करतात. थोड्या काळासाठी फरक पडतोही, पण कडक झालेलं रबर नवं होत नाही.

दोष सीलचाच आहे असं ठरलं तर इंजिन उतरवायची गरज नाही, बहुतेक गाड्यांत हेडही उतरवावं लागत नाही. पिस्टन वर आणून, प्लगच्या भोकातून दाबाची हवा भरून व्हॉल्व्ह वरच धरून ठेवतात, कॅमशाफ्ट काढतात, स्प्रिंग दाबून लॉक काढतात आणि सील बदलतात. तुमच्या इंजिनात सोळा व्हॉल्व्ह असतील तर सोळाही बदला, चार-पाच नाही. काम देताना तीन गोष्टी सांगून ठेवा. हेडमधली ऑइलची भोकं फडक्याने बुजवा, नाहीतर नखाएवढं लॉक आत पडलं तर शोधायला अर्धा दिवस जातो. नवं सील चढवताना दांड्याच्या खाचेवर प्लास्टिकची टोपी घाला आणि ऑइल लावा, कारण खाचेच्या धारेने सीलची ओठासारखी कड चिरली तर काम पहिल्याच दिवशी वाया. आणि स्प्रिंग काढलेली असताना व्हॉल्व्ह हाताने आडवा हलवून गाइडमध्ये किती खेळतो ते बघा. ठळक हलत असेल तर गाइडच झिजलीय, नवं सील काही महिन्यांतच पुन्हा गळेल. तसं असेल तर मात्र हेड उतरवून गाइड बदलणं आलं. इनटेक आणि एक्झॉस्टची सीलं काही इंजिनांत वेगळी असतात, रंगावरून ओळखा. टायमिंग बेल्ट असेल आणि बदलायचा काळ जवळ आला असेल तर तोही आत्ताच करा, तसंही सगळं उघडलेलंच असतं.

तिसरी रिंग चिकटलेली निघाली तरी आधी इंजिन न खोलता एक प्रयत्न करता येतो. चारही पिस्टन मधल्या उंचीवर आणून प्रत्येक सिलिंडरमध्ये ४० ते ५० मिली डीकार्बनायझिंग, म्हणजे कार्बन सोडवणारा, द्रव घालून रात्रभर ठेवायचा. सकाळी उरलेला द्रव ओढून काढायचा, प्लगची भोकं फडक्याने झाकून, प्लग न लावता सेल्फ मारायचा, मग ऑइल आणि फिल्टर बदलायचा. प्लग लावून सेल्फ मारला आणि आत द्रव असला तर तो दाबला जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. जुनं ऑइल न बदलता गाडी चालवू नका, कारण द्रव खाली उतरून त्यात मिसळलेला असतो.

पांढऱ्या वाफेचं थोडक्यात. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. थंड सायलेन्सरमध्ये त्याच्या वाफेचं पाणी होऊन ठिबकतं आणि पांढरी वाफ दिसते. वाफ चार-पाच फुटांत विरत असेल आणि इंजिन गरम झाल्यावर बंद होत असेल तर विसरा. हेड गॅसकेटची वाफ गरम झाल्यावरही चालू राहते, दाट असते, गोडसर वास येतो. कूलंट एकदा घालावं लागलं म्हणालात, म्हणून थंड इंजिन असताना टाकीवर मार्करने रेघ ओढा आणि दोन आठवडे रोज सकाळी बघा. पातळी हलली नाही तर विषय संपला. हलली तर गॅरेजमध्ये टाकीच्या तोंडावर केमिकल टेस्ट करून घ्या. गॅसकेटमधून जळलेला गॅस कूलंटमध्ये येत असेल तर निळा द्रव पिवळा होतो. टाकीचं झाकण इंजिन गरम असताना उघडू नका. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर मिळाला तर लगेच गॅसकेट समजू नका. छोट्या छोट्या फेऱ्यांमुळे दमट हवेचं पाणी तिथे जमतं. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर निश्चिंत राहा.

काळा धूर तुम्हाला येत नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

प्रवासाला गाडी न्यायला हरकत नाही, फक्त त्याआधी प्लग आणि ब्रीदर बघून घ्या. निघताना ऑइल वरच्या खुणेला आणा, त्याच ग्रेडचं एक लिटर ऑइल बरोबर ठेवा आणि दर ५०० किलोमीटरला, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, डिपस्टिक बघा. वाटेत ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी तिथेच बाजूला घेऊन बंद करा. तो दिवा ऑइल कमी झाल्याचा इशारा नसून दाब गेल्याचा इशारा असतो, आणि तोपर्यंत बेअरिंग कोरडी पडायला लागलेली असतात.

सील बदलल्यावर पहिले काही दिवस धूर दिसला तरी मेकॅनिकशी भांडू नका. सायलेन्सर आणि कन्व्हर्टरमध्ये साचलेलं जुनं ऑइल जळायला ३००-४०० किलोमीटर जातात. त्यानंतर पुन्हा एक हजार किलोमीटरचा हिशेब ठेवा. खप २०० मिलीवरून ५०च्या आसपास आला तर काम झालं. तसाच राहिला तर बोअरोस्कोपची तपासणी करून घ्या, आणि पिस्टनच्या कडेच्या त्या ओल्या पट्टीचा फोटो मेकॅनिककडून मागून घ्या.